गुण भाषेला की आकलनाला?

प्रश्न : पदवीवर्गातील आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरी मराठी वा गोंडी बोलतात. आधुनिक अमेरिकन साहित्यावरील त्यांच्या उत्तरांतील इंग्रजी सदोष असते, विचार मात्र कधीकधी स्वतंत्र असतो. गुण कसे द्यावेत?
— एक प्राध्यापक, नार्नूर (जि. आदिलाबाद)

उत्तर : हेमिंग्वेच्या ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ (१९५२) या कादंबरिकेवर, कोणत्याही ग्रंथास लागू पडावीत अशी मानवी संघर्षाविषयीची निर्दोष वाक्ये मार्गदर्शिकेतून उतरविणाऱ्या विद्यार्थ्यापेक्षा, क्रियापदांच्या काळांत अडखळत का होईना, पण ४० दिवस मासा न मिळाल्यामुळे आईबापांच्या हुकुमावरून दुसऱ्या होडीवर गेलेला मुलगा तरीही म्हाताऱ्या सांतियागोसाठी अन्न आणि आमिष आणतो, एवढा दाखला देऊन सांतियागोचे एकाकीपण पूर्ण नाही असे अनुमान काढणारा विद्यार्थी निःसंशय अधिक गुणांस पात्र आहे.

भाषाशुद्धीचे गुण अलाहिदा ठेवावेत, ते आगाऊ जाहीर करावेत आणि एकाच चुकीची सजा दर ओळीस देऊ नये. पु. ल. देशपांडे यांचा ‘एका कोळियाने’ हा या कादंबरिकेचा अनुवाद विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावा. दाखला मात्र मूळ संहितेतूनच मागावा. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने अमेरिकेतील ब्लॅक पँथरपासून प्रेरणा घेतली, हे जाणणारा विद्यार्थी कृष्णवर्णीयांच्या साहित्याची दलित साहित्याशी तुलना करू लागला, तर तिला विषयांतर समजू नये. तीही पाठ्याच्या आधाराने पारखावी.

समासात ‘अस्पष्ट’ असा शेरा मारण्याऐवजी ‘हे कोणत्या प्रसंगावरून?’ असे विचारावे आणि वार्षिक परीक्षेपूर्वी तेच उत्तर एकवार पुन्हा लिहून घ्यावे, ही आग्रहाची विनंती.