'कोणीही स्वयंपाक करू शकतो' : एका वाक्यात दडलेला अर्थ



उन्हाळी सुट्टीतल्या धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना 'रॅटाटुई' हा कार्टून चित्रपट दाखवला. पिक्सार कंपनीचा हा चित्रपट २००७ साली आला व त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. मुले पोट धरून हसली. चित्रपट संपल्यावर सहावीतल्या एका मुलाने विचारले, "सर, कोणीही स्वयंपाक करू शकतो, तर कोणीही गणितही करू शकतो ना? मग मलाच का जमत नाही?" मला चटकन उत्तर देता आले नाही. मुलाने प्रश्न मनापासून विचारला होता. म्हणून आज आपण त्या वाक्याचा नीट विचार करू या.

कथा थोडक्यात अशी. पॅरिस शहरात गुस्तो नावाचा मोठा आचारी होता. 'कोणीही स्वयंपाक करू शकतो' हे त्याचे ब्रीदवाक्य, आणि त्याच नावाचे त्याचे पुस्तक. अंतोन इगो नावाच्या कडक समीक्षकाला हे वाक्य मुळीच मान्य नसते. त्याच्या टीकेने हॉटेलची पत घसरते आणि गुस्तो खचून मरतो. पुढे त्याच हॉटेलात रेमी नावाचा एक उंदीर येतो. त्याच्या नाकाला आणि जिभेला विलक्षण पारख आहे. कचरा उचलणाऱ्या लिंग्विनी या मुलाच्या टोपीत लपून तो स्वयंपाक करू लागतो. शेवटी इगो पुन्हा जेवायला येतो. त्याच्यापुढे रॅटाटुई वाढली जाते. ही फ्रान्समधल्या गोरगरिबांच्या घरची वांगी-टोमॅटोची भाजी. पहिल्याच घासाला त्या कठोर माणसाला आपले बालपण आणि आईचे स्वयंपाकघर आठवते. हे कोणी रांधले, असे तो विचारतो. खरे कळल्यावर तो रात्रभर विचार करतो आणि आपली चूक जाहीरपणे कबूल करतो.

आता वाक्याकडे वळू. वरवर पाहिले तर त्याचा अर्थ 'सगळ्यांना सगळे जमते' असा वाटतो. इगोनेही सुरुवातीला तोच अर्थ घेतला आणि म्हणून त्याची थट्टा केली. आपणही पुष्कळदा तोच अर्थ घेतो. 'मनात आणले तर काहीही होता येते' असे आपण मुलांना सांगतो. मग मूल नापास झाले की दोष त्याच्याच माथी येतो. 'तू मनापासून केलेच नाहीस' म्हणून आपण मोकळे होतो. प्रोत्साहनाचे वाक्य असे मुलाच्या डोक्यावरचे ओझे होते.

शेवटी इगोला जो अर्थ उमगतो, तो वेगळा आहे. प्रत्येकजण थोर कलावंत होईल असे नाही, पण थोर कलावंत कुठूनही येऊ शकतो. म्हणजे हे वाक्य मुलांच्या कुवतीविषयी नसून मोठ्यांच्या नजरेविषयी आहे. त्यातली आज्ञा स्वयंपाक करणाऱ्याला नाही, चव घेणाऱ्याला आहे : आधी चाखा, मग ठरवा. पाटी, पत्ता आणि आडनाव पाहून ठरवू नका.

योहानाच्या शुभवर्तमानात हाच प्रसंग आहे. फिलिप येशूविषयी सांगतो तेव्हा नाथनाएलाला शंका येते, नासरेथसारख्या गावातून काही चांगले कसे येईल? फिलिप वाद घालत नाही. येऊन पाहा, एवढेच तो म्हणतो. नाथनाएलाचा मोठेपणा असा, की मनात शंका असूनही तो उठला आणि गेला. उलट नासरेथच्या लोकांना तेही जमले नाही. हा तर आपला सुतार, असे म्हणून त्यांनी दार लावून घेतले. परक्या गावाला नावे ठेवणे आणि घरच्या माणसाला ओळखू न शकणे, या दोन्ही चुका एकाच नजरेतून होतात.

आपण जालन्याची माणसे. आपल्याला हे समजायला अवघड नाही. बी-बियाण्यांचा व्यवहार हीच या गावाची ओळख. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथे महिको ही बियाणे कंपनी सुरू केली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. जालन्यातून असे काही निघेल, असे त्या काळी किती जणांनी मानले असते? पेरणीआधी घरचे सोयाबीन आपण कसे तपासतो? ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवतो आणि सत्तर किंवा जास्त उगवले तर ते बियाणे पेरायचे ठरवतो. पोत्याचा रंग पाहून कोणी निर्णय घेत नाही. बियाण्याला आपण ओल आणि चार-पाच दिवस देतो. माणसाला मात्र एका नजरेत नापास करतो.

आपल्या ख्रिस्तसभेतलेही एक उदाहरण पाहा. हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला यांना २७ ऑगस्ट २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कार्डिनल केले. दलित समाजातून आलेले ते पहिले कार्डिनल. गरिबीमुळे सातवीनंतर त्यांचे शिक्षण सुटल्यातच जमा होते; मिशनऱ्यांनी हात दिला म्हणून ते पुढे शिकले. त्यांच्याबरोबरची सगळीच मुले कार्डिनल झाली असती असे नाही. पण त्या मुलाला कोणी विचारलेच नसते, तर हेही झाले नसते.

अशी ओळख देण्याची किंमतही मोजावी लागते. चित्रपटात लिंग्विनीने खरे सांगताच बाकीचे सारे आचारी काम सोडून निघून जातात. उंदराची बाजू घेतल्याने इगोची प्रतिष्ठा आणि नोकरी दोन्ही जातात. तरी शेवटी तो पूर्वीपेक्षा आनंदी दिसतो.

आपल्या जिल्ह्यातून दर वर्षी दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. मुलेही बरोबर जातात आणि परततात तेव्हा वर्गाच्या मागे पडलेली असतात. 'त्यांचे काय, पुढे कोयताच घ्यायचाय' हे शब्द आपल्याही तोंडून कधी निघतात. त्या वेळी आपण अंतोन इगो असतो, चव न घेताच निकाल देणारा.

त्या सहावीतल्या मुलाला पुढच्या रविवारी मी सांगितले, "गणित तुला लागेल तेवढे आपण मिळून शिकू. त्यात तू पहिला येशील असे मी म्हणत नाही. पण तुझ्यात काय आहे, हे गणिताच्या एका पेपरावरून मी ठरवणार नाही." तो हसला आणि वही घेऊन बसला.

घरी विचार करू या :

१. आपल्या घरातल्या कोणत्या मुलाविषयी आपण आधीच निकाल देऊन ठेवला आहे?

२. मिस्सामध्ये वाचन, गायन किंवा वेदीसेवा यांसाठी आपण नेहमी त्याच घरांतली मुले का निवडतो? या महिन्यात एका नव्या मुलाला संधी देता येईल का?

३. ऊसतोडीहून परतलेल्या एखाद्या मुलाला आठवड्यातून एक तास कोण देईल?