जुन्या दगडी धुराड्याची दुरुस्ती



ताडकळस परिसरात तूर आणि कापूस निघाला की तुराट्या-पऱ्हाट्यांच्या गंजी लागतात. उज्ज्वला योजना २०१६ साली आली, घरोघर गॅस पोचला. तरी भाकरीसाठी, आंघोळीच्या पाण्यासाठी चूल पेटतेच. तिचा धूर घरातील बाईच्या डोळ्यांत आणि छातीत जातो. भिंतीत जुने दगडी धुराडे असल्यास ते पुन्हा वापरात आणावे; मात्र तपासल्याशिवाय खाली जाळ करू नये.

तपासणी : प्रथम पाखरांची घरटी, पडलेले दगड व काजळी काढावी. आत माळवदाच्या तुळईचे टोक दिसत असेल तर गवंड्याला दाखवून ते वेगळे केल्याशिवाय चूल पेटवू नये. नंतर तळाशी ओलसर गवताचा थोडा धूर करून वरचे तोंड ओल्या पोत्याने क्षणभर झाकावे. ज्या सांध्यातून धूर येईल तेथे खूण करावी. या वेळी दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

दुरुस्ती : सांधे खरवडून एक भाग मुरवलेला चुना व तीन भाग बारीक वाळू यांनी भरावेत. नुसत्या सिमेंटचा गिलावा उष्णतेने तडकतो. गिलावा पूर्ण वाळल्यावर काही दिवस लहान जाळ करावा.

ओढ : धुराडे जितके रुंद तितकी ओढ चांगली, हा गैरसमज आहे. रुंद पोकळीत धूर थंड होतो, वर न चढता घरात परततो आणि भिंतीला काजळी धरते. म्हणून आत सुमारे १० सें.मी. व्यासाची लोखंडी नळी बसवावी. तिचे टोक माळवदाच्या कठड्याच्या वर काढून त्यावर टोपी ठेवावी. जुनी अ‍ॅसबेस्टॉसची नळी फोडू किंवा घासू नये; तिची धूळ फुप्फुसास घातक असते.

निगा : १९८३-८४ पासून राबविलेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमातील अनेक चुली नळी न साफ केल्यामुळे बंद पडल्या. नळी महिन्यातून एकदा साफ करावी. साचलेली काजळी पेट घेते. सरपण वाळलेलेच वापरावे. पऱ्हाट्या मात्र फार काळ रचून ठेवू नयेत. त्यांवरील बोंडांत गुलाबी बोंडअळी टिकून राहते.

धुराडे नीट झाले तरी खिडकी बंद करून जाळ करू नये. कार्बन मोनॉक्साईड वायूला वास नसतो. चूल पेटल्यावर घरात डोळे चुरचुरत नाहीत, एवढी खूण पटली की दुरुस्ती सार्थकी लागली असे समजावे.