आजाराची वही कोणाच्या हाती?

जाळ्यात पापलेट भरभरून आले, तरी ते कुठे लागले हे नाखवा परक्या बोटीला सांगत नाही. आपल्या करंज्यात हे पोराटोरांनाही ठाऊक आहे. पण त्याच नाखव्याला ताप आला, की डॉक्टरला तो सगळे सांगतो. दारू किती घेतो, तेही सांगतो. का बरे? हे चारचौघांत फुटणार नाही, असा भरवसा असतो म्हणून.

हा भरवसा उडाला की काय होते, ते १८९७ साली पुण्यात दिसले. शहरात प्लेग आला होता. सरकारने रँड नावाचा अधिकारी नेमला. गोरे सोजीर घरोघर झडती घेऊ लागले. रोगी हुडकणे गरजेचेच होते, पण रीत दांडगाईची होती. लोक चिडले, भ्याले आणि रोगी लपवू लागले. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. रोग राहिला बाजूला, सरकार आणि रयत यांचेच वैर वाढले.

मग सरकारला काही सांगूच नये काय? तसे नव्हे. क्षयाचा रोगी आढळला, की डॉक्टरने सरकारला कळवावे, असा नियम २०१२ पासून आहे. त्यामुळे रोग्याला फुकट औषध मिळते, घरच्यांची तपासणी होते. आशाताई विचारते ती याचसाठी. तिला खरे सांगावे.

पण सरकारला सांगणे वेगळे आणि गावभर होणे वेगळे. क्षयाचे नाव फुटले, तर लेकीचे लग्न मोडते, कामावरून काढतात. मग पुढचा माणूस खोकला दाबून घरी बसतो. त्याची बाधा साऱ्या आळीला होते. म्हणून गुपित राखणे हाही औषधाचाच भाग आहे, असे आम्ही म्हणतो.

कायदाही तेच सांगतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी ठरवले, की खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. एचआयव्हीच्या रोग्याची माहिती त्याच्या संमतीवाचून सांगू नये, असा कायदाही त्याच वर्षी झाला. न्यायालयाचा हुकूम वगैरे थोडे अपवाद त्यात आहेत.

आता 'आभा' नावाचे आरोग्य खाते निघाले आहे. त्याचा नंबर चौदा आकडी असतो. ते काढणे ऐच्छिक आहे. त्यातले कागद दुसऱ्याला दाखवण्यापूर्वी तुमची संमती लागते. कागदपत्रे हरवत नाहीत, हा त्याचा फायदा. पण मोबाइलवर आलेला ओटीपी म्हणजे घराची किल्ली. ती वाटेल त्याच्या हाती देऊ नये.

कोणी आजाराची माहिती मागितली, तर चार गोष्टी विचाराव्या: तुम्ही कोण? माहिती कशाला हवी? ती कोण पाहील? नाही म्हटले तर काय होईल? विचारायला लाजू नये. आणि वही ज्याच्या हाती आहे, त्याने उत्तर द्यायला रागावू नये. भरवसा मागून मिळत नाही, तो वागणुकीने मिळवावा लागतो.

प्रश्न
१. पुण्यातील लोकांनी रोगी का लपवले?
२. आशाताईला खरे का सांगावे?
३. ओटीपीला किल्ली का म्हटले आहे?