पुसले, तरी जागा का मिळेना?

संगणकांना एकमेकांशी जोडणारी, बारीक हिरवे दिवे लुकलुकणारी चपटी पेटी तुम्ही पाहिली असेल. हा नेटवर्क स्विच. एका संगणकाचा संदेश नेमक्या दुसऱ्या संगणकाकडे पोचवणे हे त्याचे काम.

आमच्या प्रयोगशाळेतील एक जुना स्विच एकदा इशारा देऊ लागला : साठवणीची जागा संपत आली आहे. संदेशांची ये-जा तर सुरळीत होती. मग जागा कशाने भरली?

संदेश स्विचमध्ये क्षणभरच थांबतात, तेही तात्पुरत्या स्मृतीत. कायमच्या स्मृतीत मात्र स्विच चालवणारी आज्ञावली, तिच्या जुन्या आवृत्त्या आणि बिघाडांच्या नोंदी साठत जातात. ही जागा भरली, की सुधारित आज्ञावली चढवता येत नाही. आम्ही एक जुनी आवृत्ती पुसली. पण मोकळ्या जागेचा आकडा जराही वाढला नाही! असे का व्हावे?

या स्मृतीला फ्लॅश स्मृती म्हणतात. जपानचे फुजिओ मासुओका यांनी ती १९८४ मध्ये जगापुढे मांडली. तिच्या प्रत्येक पेशीत विद्युतरोधक थराने वेढलेला एक कप्पा असतो. त्यात इलेक्ट्रॉन कोंडले की '०', नसले की '१'. वीज गेली तरी कोंडलेले इलेक्ट्रॉन वर्षानुवर्षे तेथेच राहतात. मात्र लिहिताना हव्या त्या पेशी भरता येतात, तशी एकच पेशी रिकामी करता येत नाही. पुसायचा तो सबंध गट. १२८ किलोबाइटचा गट धरला, तर १२८ × १०२४ × ८, म्हणजे दहा लाखांहून अधिक पेशी एकदम!

करून पाहा : वहीच्या एका पानावर शाईने दहा नावे लिहा. त्यांतील सहा खोडा. पान मोकळे झाले का? नाही. उरलेली चार नावे कोऱ्या पानावर उतरवाल, तेव्हाच जुने पान टाकून देता येईल. आमच्या स्विचने फाइलवर नुसती काट मारली होती. गट खरोखर पुसण्याची वेगळी आज्ञा दिल्यावर जागा मिळाली. नवी उपकरणे हे काम बहुधा आपणहून करतात.

येथे दुसरी गोष्टही ध्यानात येईल. नावे उतरवायला कोरे पान आधी हवे. म्हणून जागा पूर्ण संपेपर्यंत थांबू नये. शिवाय प्रत्येक गट ठरावीक वेळाच पुसता येतो. दर वेळी रोधक थर थोडा झिजतो. तेव्हा उगाच पुसणेही बरे नव्हे.

पुसण्यापूर्वी स्विचची मांडणी व आवश्यक नोंदी दुसऱ्या संगणकावर उतरवून घ्याव्यात. सध्या चालू असलेली आणि पुढच्या वेळी सुरू व्हावयाची आज्ञावली कोणती, हे पाहून तिला हात लावू नये. ती चुकून पुसली गेली, तरी स्विच लगेच बंद पडेलच असे नाही. कारण चालू आज्ञावली बहुधा तात्पुरत्या स्मृतीत उतरलेली असते. दिवे हिरवेच राहतात, आणि चूक उघडकीस येते ती वीज जाऊन परत आल्यावर!

विचार करा : एका गटात तीन जुन्या फाइली व एक कामाची फाइल आहे. जागा मोकळी करण्यासाठी स्विचला कोणकोणत्या पायऱ्या कराव्या लागतील? क्रमाने लिहा.