टॉकीजला काय ठेवलंय?

"आई, आठ आठवडे थांब की, घरीच दिसेल." आमच्याकडे सिनेमाचा विषय निघाला की मुलाचं हे ठरलेलं वाक्य. त्याचं म्हणणं खोटं नाही. मोठे हिंदी चित्रपट साधारण आठ आठवड्यांत ओटीटीवर येतात. उलट चौघांनी रविवारी ठाण्यातल्या मॉलमध्ये जायचं म्हटलं, तर तिकिटं, पॉपकॉर्न आणि रिक्षा धरून दीड-दोन हजार सहज उडतात. तरी मी जाते. परळच्या चाळीत वाढले, लालबागचं भारतमाता टॉकीज चालत जाण्याइतकं जवळ होतं, हे त्याचं एक कारण असेल. पण जुन्या आठवणींपायी आजचं तिकीट काढणाऱ्यांतली मी नाही. पैसे वसूल कधी होतात आणि कधी पाण्यात जातात, याचे माझे काही ठोकताळे आहेत.

१. हाणामारी घरी चालते, संथ सिनेमाला थिएटर लागतं

सगळे नेमकं उलटं सांगतात. स्फोट, गाड्या, उडणारी माणसं असतील तर मोठा पडदा. 'तसला' संथ सिनेमा निवांत घरी बघू. माझा अनुभव असा की, तो निवांतपणा घरी कधीच मिळत नाही. मारामारीचा सिनेमा मधली दहा मिनिटं चुकली तरी कळतो. भाजीला फोडणी देऊन या, नायक अजून कुणाला तरी मारतच असतो.

याउलट चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' घ्या. २०१५ साली तो थिएटरात लागला होता. त्यात कॅमेरा लांब, एका जागी ठेवलेला. न्यायाधीश, वकील, मागच्या बाकांवर ताटकळणारी माणसं, सगळी एकाच चौकटीत. कुणाकडे बघायचं हे दिग्दर्शक सांगत नाही. मोठ्या पडद्यावर आपली नजर आपोआप फिरते, कडेला बसलेल्या माणसाचा कंटाळा दिसतो, आणि आपण त्याच खोलीत तारखेची वाट बघत बसलोय असं वाटायला लागतं. मोबाइलवर ती माणसं मुंगीएवढी होतात. शेवटाकडे कोर्टाला सुट्टी लागते, खोली रिकामी होते, दिवे मालवले जातात आणि पडदा काळा होतो. घरी बघणारा तिथेच रिमोट उचलतो, संपला म्हणून. थिएटरात आपण तसेच अंधारात बसून राहतो. मग पुढचं दृश्य सुरू होतं, आणि ते पाहिल्याशिवाय 'कोर्ट' पाहिला असं म्हणताच येत नाही.

घरी तेवढा वेळ बसायची ताकद माझ्यात नाही. कुणाचा तरी फोन येतो, दूधवाला येतो, "जरा थांबव गं" असं कुणीतरी म्हणतं. एकदा थांबवलेला संथ सिनेमा परत लागत नाही, उद्यावर जातो, आणि तो उद्या उजाडत नाही. मी तिकिटाचे पैसे मुख्यतः तिथे कुणालाच काही थांबवता येत नाही यासाठी देते.

२. शांतता चारशे जणांत ऐकावी

नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी आला. 'झिंगाट' सुरू झालं की माणसं खुर्च्या सोडून पडद्यापुढे नाचायची. अजय-अतुल यांनी या चित्रपटाच्या संगीतासाठी लॉस एंजेलिसला जाऊन मोठा सिंफनी ऑर्केस्ट्रा वाजवून घेतला होता. ते सूर टीव्हीच्या दोन स्पीकरमधून अर्धेच पोहोचतात, हे खरंच. पण मला थिएटरात जाण्याचं खरं कारण त्या चित्रपटाच्या शेवटाने दिलं. शेवटच्या मिनिटांत आवाज काढूनच टाकलाय. बाळ रडताना दिसतं, ऐकू येत नाही. दोन तासांपूर्वी शिट्ट्या वाजवणारं तेच पब्लिक, आणि कुणी खोकतसुद्धा नव्हतं. दिवे लागल्यावरही लोकांना उठायला वेळ लागला.

पुढे तो टीव्हीवर लागला तेव्हा शेजारच्या कुकरची शिट्टी नेमकी तिथे झाली. टीव्हीचा आवाज गेला की काय म्हणून सासूबाईंनी रिमोट दाबून पाहिला. त्यांचं काय चुकलं? घरात आवाज बंद होतो तो बिघाडानेच.

३. हसायचं आणि रडायचं ते घोळक्याने

'अशी ही बनवाबनवी' (१९८८) महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. घरी त्यातलं प्रत्येक वाक्य स्पष्ट ऐकू येतं. भरलेल्या थिएटरात पहिल्या विनोदाच्या हशात पुढचा विनोद बुडतो, म्हणून तो परत बघावा लागतो. १९९१ च्या 'माहेरची साडी'ला आमच्या चाळीतल्या बायका जादा रुमाल घेऊन गेल्या होत्या, आणि कोण किती रडलं याची चर्चा नंतर आठवडाभर नळावर चालली.

ही गोष्ट जुनी झाली असं मी धरून चालले होते. मग २०२३ च्या जूनअखेरीस केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' आला. भिशीचे गट, महिला मंडळं, मावश्या, जावा-जावा नटूनथटून, गॉगल लावून थिएटरात. बायका पडद्यावरच्या बहिणींना मोठ्याने सल्ले देत होत्या. एरवी असल्या बडबडीचा मला राग येतो. त्या दिवशी मीही दोन सल्ले दिले. तोच सिनेमा मी नंतर घरी एकटीने पाहिला. ठीक आहे, एवढंच वाटलं.

४. मोठ्या खुर्चीपेक्षा आवाजाला पैसे द्या

पाय पसरायची खुर्ची घरी आहेच. जादा पैसे द्यायचेच असतील तर चांगल्या आवाजाच्या हॉलला द्या. डॉल्बी अ‍ॅटमॉसमध्ये छतालाही स्पीकर असतात. पाऊस खरोखर डोक्यावर पडतो. सगळ्यात मागच्या रांगेसाठी भांडू नका. पडद्यापासून साधारण दोन-तृतीयांश अंतरावर, मधोमध बसलं की डावा, उजवा, मागचा आवाज जिथला तिथून येतो. आणि थ्रीडी मी सोडून दिलं. त्या चष्म्यातून निम्म्याहून कमी उजेड डोळ्यांपर्यंत येतो, मग रात्रीच्या प्रसंगांत कोण कुणाला मारतंय ते शेजाऱ्याला विचारायचं.

५. पॉपकॉर्नचा राग बाहेर ठेवा

थिएटरवाल्याचं गणित समजल्यापासून माझी चिडचिड कमी झाली. २००९ साली हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांचं जोरात वाजलं, दोनेक महिने नवे मोठे सिनेमेच लागले नाहीत. तडजोड अशी ठरली की, कर वजा जाता उरलेल्या तिकीटविक्रीतले पहिल्या आठवड्यात ५० टक्के निर्मात्याच्या बाजूला, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि त्यानंतर ३०. म्हणजे गर्दी असते तेव्हाच थिएटरच्या हाती तिकिटाचा कमी वाटा. ती कसर खाण्यापिण्यातून भरून काढतात. समजलं म्हणून मी विकत घेते असं नाही; जेवून जाते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं की, बाहेरचे पदार्थ अडवण्याचा हक्क थिएटरला आहे, पण पिण्याचं पाणी फुकट द्यायलाच हवं आणि तान्ह्या बाळाचं खाणं अडवता येणार नाही. पाणी बिनदिक्कत मागा.

बाकी बचत सोपी आहे. सकाळचा शो घ्यायचा, जमलं तर खिडकीवर तिकीट काढायचं, ऑनलाइनचा वरचा आकार वाचतो. सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्क्यांवर आलाय. त्यावरच्या तिकिटाला १८ टक्के. पण शंभराच्या आतलं तिकीट देणारी एकपडदा थिएटरंच कमी होत चालली आहेत. आमच्या दादरचं 'चित्रा' २०१९ मध्ये बंद झालं.

६. कधी जाऊ नये

दमलेले असताना. भुकेले असताना. ज्याला यायचं नाहीये त्याला ओढून नेऊन. आणि दर पाच मिनिटांनी फोन उघडणाऱ्याबरोबर तर कधीच नाही, तो पोटचा पोरगा असला तरी.

७. मराठी सिनेमा तुमच्यासाठी थांबत नाही

हिंदीला आठ आठवडे थांबता येतं, कारण तो येणार हे नक्की असतं. मराठीचं तसं नाही. कित्येक छोटे चित्रपट ओटीटीवर उशिरा येतात, काही येतच नाहीत. थिएटरात तर सगळा निकाल पहिल्या तीन दिवसांत लागतो. शुक्रवार ते रविवार खुर्च्या भरल्या नाहीत की सोमवारपासून शो कमी होतात, आणि उरतात ते भर दुपारचे, आपण ऑफिसात असतो तेव्हाचे. २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना प्राइम टाइममध्ये मराठी चित्रपट दाखवणं बंधनकारक केलं. गाजावाजा झाला, वाद झाला, आणि शेवटी प्राइम टाइम म्हणजे दुपारी १२ ते रात्री ९ असं ठरलं. दुपारी साडेबाराला नोकरदार माणूस सिनेमाला कसा जाणार, हे कुणी सांगितलं नाही.

"चांगला आहे असं ऐकलं की जाऊ" म्हणणारे माझ्या आसपास पुष्कळ आहेत. ते ऐकेपर्यंत सिनेमा उतरलेला असतो, आणि मग मराठीत चांगलं काही येत नाही म्हणून तेच हळहळतात. तेव्हा हिंदीतला मोठा सिनेमा खुशाल आठ आठवड्यांनी सोफ्यावर लोळत बघा, त्याचं काही अडत नाही. मराठीतला एखादा छोटा, संथ, अनोळखी नटांचा सिनेमा या शुक्रवारी लागला असेल, तर त्याचं तिकीट रविवारच्या आत काढा.