आधी धाव, मग साज

बाळा, तुझं पहिलं एचओ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या 87 पट लहान, डिझेल इंजिन घरी आलं, हे तुझ्या आईनं फोनवर सांगितलं. रात्री साडेअकराला तू टॉर्च लावून त्याच्या काचेतून केबिनमध्ये डोकावत होतास, हेही सांगितलं. म्हणजे लागण झाली आहे, आता औषध नाही. ही तयार इंजिनं जमवण्यात आणि नटवण्यात माझे केस पिकले, आणि त्यात करता येण्यासारख्या बहुतेक चुका माझ्या करून झाल्या आहेत. त्या तू पुन्हा करू नयेस म्हणून हे लिहून ठेवतो.

1. खोका उघडताना कात्री लांब ठेव. आतला स्पंज, कागद, सुट्या भागांची पुडी, सगळं एका पिशवीत घालून वर इंजिनाचा नंबर लिही — पुडीतला ब्रेकपाइप एकदा फरशीवर पडला की तो थेट केरातच जातो.

2. इंजिन उचलताना दोन बोटं मधल्या डिझेलच्या टाकीवर, दोन्ही बाजूंनी — खऱ्या डब्ल्यूडीएम-2 च्या त्या टाकीत 5000 लिटर डिझेल मावायचं, तुझ्या बोटांनी तिला काही होत नाही. कठड्याच्या तारा मात्र नुसता अंगठा टेकला तरी वाकतात.

3. काहीही चिकटवण्याआधी साध्या 12 व्होल्टच्या डीसी कंट्रोलरवर अर्धा तास पुढे आणि अर्धा तास मागे मध्यम वेगानं पळव — दोष असला तर तेवढ्यात कळतो आणि दुकानदार इंजिन बदलून देतो. रंगवलेलं, नळ्या लावलेलं इंजिन कोणी परत घेत नाही. आधी धाव, मग साज.

4. पळताना खोलीतला पंखा बंद कर आणि कान दे. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक ठरावीक ‘टक्’ ऐकू आलं तर आसावरचा प्लॅस्टिकचा गिअर बघ — तो बारीक चिरलेला असतो, आणि जुन्या इंजिनांत तर हमखास.

5. पॉइंटवर रूळ सोडत असेल तर रुळाला दोष देण्याआधी कॅलिपर घे. जोडीतल्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर साधारण 14.4 मिलिमीटर हवं — चाक आसावर केसभर सरकलं तरी पॉइंटवर अडतं.

6. तेल प्लॅस्टिकला चालणारंच घे आणि सुईच्या टोकानं लाव — जास्तीच्या तेलावर गालिच्याचे तंतू आणि मांजराचे केस गोळा होऊन गिअरमध्ये जातात. थेंबभर तेल गाडी हाकतं, चमचाभर तेल गाडी रोखतं.

7. रूळ पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती फडकं, बस. पॉलिशपेपर हातात घेऊ नकोस — त्याचे ओरखडे पुढे वर्षानुवर्षं काजळी धरून ठेवतात.

आता जरा थांब आणि इंजिनाकडे नीट बघ. कारण नटवणं म्हणजे निम्मं बघणंच आहे.

इंजिन टेबलाच्या कडेला ठेव, डोळे रुळाच्या पातळीला आण आणि बोगीची तीन चाकं बघ. डब्ल्यूडीएम-2 असेल तर त्या तीन चाकांमधली दोन अंतरं सारखी नसतात; मधलं चाक एका बाजूला सरकलेलं दिसतं. अमेरिकेतल्या ॲल्को कंपनीच्या त्या बोगीची हीच खूण. बाजारात कधी कधी परदेशी साच्यावर आपला रंग चढवून भारतीय इंजिन म्हणून विकतात. रंगाला भुलू नकोस, आधी बोगी बघ. मग लांबी मोज. खरं इंजिन बफरपासून बफरपर्यंत 17 मीटरहून थोडं जास्त, त्याला 87 नं भाग दिलास की 19.7 सेंटिमीटर येतात. एक गोष्ट मात्र जुळणार नाही, तिचं दुःख करू नकोस. आपला रूळ 1676 मिलिमीटरचा, म्हणजे 87 पट लहान केला तर 19 मिलिमीटरच्या वर जातो. एचओचा रूळ मात्र 16.5 चा. समोरून बघितलं की इंजिन जरा अरुंद पायांवर उभं वाटतं. मला आता ते तसंच आवडतं.

8. एकच इंजिन, एकच शेड, एकच साल ठरव आणि त्याचे निदान तीन फोटो समोर ठेवून काम कर — डब्ल्यूडीएम-2 च्या जंबो प्रकाराची पुढची काच मोठी, साध्याची लहान. आणि तेच इंजिन पाच वर्षांनी दुसऱ्याच रंगात भेटतं. तुमच्या चिपळूणवरून डिझेल किती वर्षं धावली! कोकण रेल्वेचं विद्युतीकरण 2022 मध्ये पूर्ण झालं, त्यामुळे आता शेजाऱ्यापाजाऱ्यांचे जुने लग्नाचे आणि सहलीचे अल्बम चाळ, फलाटावरच्या फोटोंत मागे इंजिन उभं सापडतं.

9. कठड्याला किंवा नळीला भोक पाडायचं तर आधी सुईनं खळगा कर, मग हातानं फिरवायच्या बारीक ड्रिलनं अर्धा मिलिमीटरचं भोक पाड — खळग्याशिवाय टोक घसरतं आणि हुडावर कायमची रेघ ओढतं.

10. काचेजवळ फेविक्विक नेऊच नकोस. काच बसवायला साधा पांढरा फेविकॉल घे — फेविक्विकची वाफ काचेवर पांढरी साय धरते आणि ती पुसून जात नाही. माझ्या सर्वांत लाडक्या इंजिनाची केबिन अशीच आंधळी झाली. उतावळ्या डिंकाला मोतीबिंदूची घाई.

11. कारखान्यातला नंबर काढायचा तर कापसाची काडी अल्कोहोलमध्ये जेमतेम ओली कर आणि गोल गोल फिरव, दाबू नकोस — खालचा रंग नंबरपेक्षा फार जाड नसतो. नवा पाण्याचा डीकॅल चकचकीत वॉर्निशवर लाव आणि वर मॅटचा हात दे, म्हणजे त्याची कड दिसत नाही.

12. मळवायचं काम शेवटी, आणि पहिल्यांदा एखाद्या जुन्या वाघिणीवर करून बघ. ब्रश नेहमी वरून खाली ओढ — पाऊस तसाच ओघळतो. धुराड्याभोवती काजळी, बोगीवर ब्रेकची तपकिरी धूळ, टाकीच्या तोंडाखाली डिझेलचा चमकता ओघळ, एवढं पुरे. पुढचं हातात ब्रश न घेता दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हात बघ — रात्रीच्या दिव्याखाली मळ नेहमी कमी वाटतो.

13. आवाजाचा डिकोडर, म्हणजे इंजिनात बसवायची आवाजाची चिप, घेताना इंजिनाचं कूळ विचार. डब्ल्यूडीएम-2 मध्ये ॲल्कोचं चार स्ट्रोकचं 251 इंजिन, डब्ल्यूडीपी-4 मध्ये जनरल मोटर्सच्या घराण्यातलं दोन स्ट्रोकचं 710 — एकाचा आवाज दुसऱ्याच्या तोंडी घातलास तर फलाटावर वाढलेला माणूस डोळे मिटूनही ओळखतो.

14. नवा डिकोडर पत्ता 3 घेऊन येतो, तो त्याच दिवशी बदल आणि वहीत लिही — नाहीतर दुसरं इंजिन आणलंस की एक बटण दाबल्यावर दोघंही निघतील, आणि एक टेबलावरून खाली जाईल.

15. पावसाळ्याआधी प्रत्येक खोका उघड, इंजिन आणि स्पंज यांच्यामध्ये पातळ बटरपेपर घाल, सिलिका जेलच्या पुड्या बदल — कोकणातल्या दमट हवेत जुना स्पंज विरघळून रंगाला चिकटतो. माझ्या एका इंजिनाच्या छतावर स्पंजची जाळी कायमची उमटली आहे, आलास की दाखवीन.

16. आणि महिन्यातून एकदा प्रत्येक इंजिन दहा मिनिटं पळव — ग्रीस घट्ट होत नाही, चाकं काळी पडत नाहीत. कपाटातल्या इंजिनाला वय लवकर लागतं.

17. विकत घेताना वहीत तारीख, किंमत आणि ‘हे का घेतलं’ ते एका ओळीत लिही — ती ओळ सुचली नाही तर पैसे परत खिशात ठेव. तीन इंजिनं ओळखीची असलेली बरी, तीस पाहुणी नकोत.

पुण्याला आलास की कोथरूडच्या जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयात जाऊ. भाऊसाहेब जोशींनी उभारलेला तो संसार 1998 पासून लोक बघत आहेत. संधी मिळाली तर दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात 18040 नंबरच्या खऱ्या डब्ल्यूडीएम-2 जवळ जाऊन उभा राहा आणि बोगीतली ती तीन चाकं डोळ्यांनी मोजून ये.

दिवाळीला येताना तुझं इंजिन त्याच्याच खोक्यात आण. माझ्या रुळावर वीस वाघिणींचा एक रेक जोडून ठेवला आहे, तो तुझ्या इंजिनाला लावू.