प्रवाळाचा अभ्यास: समुद्र थोडा, संगणक फार

सुट्टीत मालवण-तारकर्लीला स्कूबा केलं, पाण्याखाली प्रवाळ पाहिले आणि परत आल्यापासून पोराने मरीन बायॉलॉजीचा घोशा लावलाय, अशी तक्रार घेऊन पालक येतात. त्यांचा प्रश्न ठरलेला: यात स्कोप आहे का? पोरांचाही ठरलेला: डायव्हिंग कधी शिकवतात? माझं उत्तर दोघांनाही फारसं रुचत नाही. या कामात समुद्र थोडा आणि संगणक फार. ज्याला हे चालतं, त्याच्या पोटापाण्याची काळजी त्या मानाने कमी.

आधी काम समजून घ्या. भित्ती बांधणारं दगडी प्रवाळ हा प्राणी आहे. इवलेसे पॉलिप चुन्याचा सांगाडा रचत जातात आणि त्यांच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल उन्हावर अन्न तयार करून त्यांना पोसतं. (मंगळासाठी अंगठीत घालतात ते पोवळं निराळं, ते अशा भित्ती बांधत नाही.) उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी अंशभर चढलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की ही जोडी फुटते. शैवाल बाहेर पडतं, प्रवाळ पांढरं पडतं. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ साली हे मोठ्या प्रमाणावर झालं. म्हैसूरच्या नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनचे संशोधक तिथल्या भित्तींवर १९९८पासून नजर ठेवून आहेत. तेव्हा जिवंत प्रवाळाचं आच्छादन सुमारे ३७ टक्के होतं, २०२२मध्ये ते २० टक्क्यांच्या खाली आलं.

असा आकडा निघतो कसा, ते मुलांना मी मुद्दाम सांगतो. पाण्याखाली मोजपट्टी ताणायची, ठरावीक अंतरावर चौकट ठेवून फोटो घ्यायचे. मग संगणक प्रत्येक फोटोवर ठिपके विखरून टाकतो आणि एकेका ठिपक्याखाली काय आहे ते विद्यार्थ्याने नोंदवायचं: जिवंत प्रवाळ, मेलेलं प्रवाळ, शैवाल, वाळू, पुन्हा वाळू. असे हजारो ठिपके. हल्ली यातलं बरंच सॉफ्टवेअर करतं, पण त्याला शिकवायला आणि त्याच्या चुका पकडायला जाणतं माणूस लागतंच.

हा झाला परिसंस्थेचा भाग. खरी गंमत जनुकांकडे वळल्यावर सुरू होते. फ्लोरिडा आणि कॅरिबियन समुद्रात अ‍ॅक्रोपोरा पाल्माटा नावाचं, सांबरशिंगासारख्या रुंद फांद्यांचं प्रवाळ आहे. वादळात त्याच्या फांद्या मोडतात, तळाला चिकटतात आणि पुन्हा वाढतात. त्यामुळे डोळ्यांना ज्या पन्नास वसाहती दिसतात, त्या डीएनए तपासल्यावर एकाच जिवाचे तुकडे निघू शकतात. हे प्रवाळ उन्हाळ्यात पौर्णिमेनंतरच्या काही रात्री अंडी आणि शुक्राणू पाण्यात सोडतं, पण स्वतःच्या शुक्राणूंनी स्वतःची अंडी सहसा फळत नाहीत. म्हणजे भित्ती भरलेली दिसते आणि पुढची पिढी मात्र नाही! म्हणून प्रवाळांच्या रोपवाटिकेत तुकडे वाढवणाऱ्यांना कुठला तुकडा कुठल्या मूळ जिवाचा, याची वही ठेवावी लागते. २०२३च्या उष्णतेच्या लाटेत फ्लोरिडातलं हे प्रवाळ जवळजवळ संपलं. जमिनीवरच्या टाक्यांत जपलेले वाण आता किती मोलाचे आहेत, ते वेगळं सांगायला नको.

दुसरं उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफचं. उत्तरेच्या उबदार आणि दक्षिणेच्या थंड पाण्यातल्या प्रवाळांचा संशोधकांनी संकर केला. जनक उबदार पाण्यातले असले तर अळ्या उष्णतेत तगण्याची शक्यता दहापटीपर्यंत वाढते, असं २०१५मध्ये प्रसिद्ध झालं. कुठल्या जनुकांमुळे, हा पुढचा प्रश्न, आणि तो संख्याशास्त्राशिवाय सुटत नाही. नमुन्यात प्रवाळ, शैवाल आणि जिवाणू या सगळ्यांचा डीएनए मिसळलेला असतो. तो निवडायचं काम संगणकावरच होतं.

म्हणून बारावीला गणित सोडू नका. 'बायोलॉजी घेतलं, आता गणित कशाला' हा सल्ला देणाऱ्या काकांना चहा पाजा आणि विषय बदला. बी.एस्सी.ला मरीन बायॉलॉजीच हवं असं नाही. प्राणिशास्त्र, बायोटेक्नॉलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, काहीही चालतं. एम.एस्सी.साठी गोवा विद्यापीठ, कोचीचं कुसाट, अण्णामलाई विद्यापीठाचं परंगीपेट्टईचं केंद्र, पाँडिचेरी विद्यापीठाचा श्री विजयपुरमचा (पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरचा) विभाग पाहा. पुढे दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आपल्या सर्वांत जवळची.

आता पैशांचं. नेट-जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडे भत्ता, त्यानंतर ४२,०००. पीएच.डी. हातात पडेपर्यंत तिशी जवळ येते. कायमच्या जागा थोड्या, प्रकल्पावरची कंत्राटं जास्त, हे लपवण्यात अर्थ नाही. पण जनुकक्रमाचं विश्लेषण आणि 'आर' या संगणकभाषेतलं संख्याशास्त्र ज्याला येतं, तो प्रवाळावरच अडून राहत नाही. तेच कौशल्य बियाणं कंपन्यांना, रोगनिदानाच्या जनुकीय प्रयोगशाळांना आणि पर्यावरण सल्लागारांनाही लागतं. नुसतं पोहणं आणि प्रवाळांची नावं येणाऱ्याचं मात्र अवघड आहे.

एक गोष्ट पालकांना ठाऊक नसते. सगळी दगडी प्रवाळं २००१पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्याच यादीत. नखाएवढा तुकडा घ्यायलाही परवानगी लागते आणि ती यायला वेळ जातो. पीएच.डी.चे गाइड निवडताना त्यांच्याकडे परवानग्या आहेत का, आधी गोळा केलेले नमुने आहेत का, हे बिनदिक्कत विचारा. यावरून एखादं वर्ष वाचतं किंवा बुडतं.

डायव्हिंगचा कोर्स तूर्त राहू द्या, तो एम.एस्सी.तही करता येतो. त्याऐवजी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत एखाद्या प्रयोगशाळेत महिना-दीड महिना काम मागा. त्या ई-मेलमध्ये 'मला लहानपणापासून समुद्राची ओढ आहे' हे वाक्य घालू नका, प्राध्यापकांकडे अशी ढीगभर पत्रं येतात. कुठल्या माहितीसंचावर काय केलंत ते दोन ओळींत लिहा आणि आलेख जोडा.